सोबती नको, मतपत्रिका द्या

ऑक्टोबर २००४ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मतदान केले, असे मी कितीतरी वर्षे सांगत आले. काटेकोरपणे बोलायचे तर ते खरे नाही. मतदान माझ्या बाबांनी केले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी माझ्या कानाशी वाकून "कुणाला?" असे विचारले, मी नाव सांगितले, आणि क्षणभराने यंत्राचा लांब आवाज झाला. बाबांनी माझ्याच सांगण्याप्रमाणे बटण दाबले असणार, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. पण ती शंका नसण्याचे कारण बाबा होते, व्यवस्था नव्हती, हे कळायला मला आणखी पाच वर्षे लागली.

मी सातव्या वर्षापासून पूर्ण अंध आहे. अंध मुलींच्या निवासी शाळेत ब्रेल शिकले, महाविद्यालयाचा अभ्यास वाचक आणि कॅसेट यांच्या आधाराने केला आणि गेली सोळा वर्षे पुण्यात बँकेत नोकरी करते. दिवसभर लोकांच्या पैशांचे व्यवहार मी संगणकावर स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, मदतीने पाहते आणि त्यात चूक झाली तर जबाबदारी माझी असते. ही माहिती स्वतःचे कौतुक व्हावे म्हणून देत नाही. बँकेतल्या खुर्चीवर ज्या बाईला कुणी "तुम्हाला जमेल का?" असे विचारत नाही, तिलाच मतदान केंद्राच्या दारात दर पाच वर्षांनी तो प्रश्न ऐकावा लागतो, एवढेच त्यातून सांगायचे आहे.

२००९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बाबा अंथरुणाला खिळलेले होते. माझा एक चुलत भाऊ सोबत आला. दादा एका पक्षाचा कार्यकर्ता होता आणि त्या दिवशी सकाळपासून मतदारांची ने-आण करत होता. मी त्याच्या कानात नाव सांगितले ते दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचे. तो काही क्षण थांबला, मग बीप झाला. रात्री घरी जेवताना तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "आपल्या घरातली सगळी मतं एकाच ठिकाणी पडली." तो सहज बोलला असेल, बढाई मारत असेल, किंवा खरे सांगत असेल. मी विचारले नाही. विचारले असते तर एक तर भावावर आळ घेतल्यासारखे झाले असते किंवा नको ते उत्तर मिळाले असते. पुढच्या निवडणुकांना मी आईला घेऊन गेले आणि दादाला "तुझी धावपळ असते, तू राहू दे" असे सांगत राहिले.

या सगळ्यात बोचरी गोष्ट मला फार उशिरा कळली. मतदान यंत्रावर ब्रेल आकडे बसवण्याचा पहिला प्रयोग २००४ साली आंध्र प्रदेशातील आसिफनगरच्या पोटनिवडणुकीत झाला होता आणि २००९पर्यंत तशी यंत्रे सर्वत्र पोहोचली होती. म्हणजे दादाने ज्या यंत्रावर बोट ठेवले त्या यंत्राच्या उजव्या कडेला, बटणांच्या शेजारी, मला वाचता येतील असे आकडे होते. मी हातभर अंतरावर उभी होते आणि मला ते कुणी सांगितले नव्हते. कुणी सांगितले नाही याचा राग आहेच, पण ब्रेल येणारी, वर्तमानपत्र रोज ऐकणारी मीसुद्धा कधी हात पुढे करून पाहिला नाही, याची लाज त्याहून जास्त आहे.

सोबती नेण्याची मुभा निवडणूक संचालन नियम, १९६१ यांतील नियम ४९-एन मध्ये आहे. अंधत्वामुळे किंवा अन्य शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला यंत्रावरील चिन्ह ओळखता येत नाही किंवा मदतीशिवाय बटण दाबता येत नाही, अशी केंद्राध्यक्षाची खात्री पटली तर त्याने मतदाराला अठरा वर्षांहून कमी वय नसलेला सोबती मतदान कक्षात नेऊ द्यावा, असा त्याचा आशय आहे. त्या दिवशी तो सोबती अन्य कुणाचाही सोबती झालेला नसावा, आणि मत गुप्त राखण्याचे प्रतिज्ञापत्र त्याने द्यावे, अशा दोन अटी आहेत. अशा मतदारांची नोंद नमुना १४-अ मध्ये होते. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे आणि असंख्य लोकांना त्याची गरज आहे. मात्र त्याचा पाया असा की खात्री केंद्राध्यक्षाची पटायची. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारातील कलम २९ याच विषयावर बोलते, पण तिथे गुप्त मतदानाचा हक्क आधी येतो आणि मदत नंतर. तीही मतदाराने मागितल्यास आणि त्याने निवडलेल्या व्यक्तीची. आपल्याकडील २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ११ सांगते की सर्व मतदान केंद्रे अपंगांना सुगम असावीत आणि निवडणुकीचे सर्व साहित्य त्यांना समजेल, हाताळता येईल असे असावे. मागितल्यावर मिळणारी मदत आणि न मागता गळ्यात पडणारी मदत यांत किती अंतर असते, ते मला १३ मे २०२४ रोजी नीट कळले.

त्या दिवशी लोकसभेसाठी मी मुद्दाम एकटी गेले. केंद्राध्यक्षांना नम्रपणे सांगितले की मला ब्रेल मतपत्रिका वाचायची आहे आणि मत मीच देणार आहे. "ब्रेल वगैरे आमच्याकडे आलेलं नाही," असे उत्तर आले. मग, "सोबत कुणीच नाही? असं कसं पाठवलं घरच्यांनी?" असा प्रश्न. माझे वय तेव्हा चाळीस होते. दारावर मदतीला उभी असलेली एक मुलगी पुढे झाली, पण ती अकरावीत होती आणि अजून अठराची व्हायची होती, हे तिनेच प्रामाणिकपणे सांगितले. मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी म्हणाले, "अहो, बाईंना किती वेळ उभं ठेवताय?" आणि त्या भल्या माणसाच्या कळवळ्यापुढे माझा हट्ट कोलमडला. रांगेतले आमच्याच इमारतीतले एक काका सोबती झाले. उमेदवार सोळांहून अधिक असल्यामुळे एकापेक्षा जास्त यंत्रे जोडलेली होती, त्यामुळे "कितव्या यंत्रावर?" अशी कुजबुज करत काकांनी बटण शोधले. प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही कुणी घेतली नाही. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा काका आपुलकीने म्हणाले, "विचार करून दिलंत हो तुम्ही मत." लिफ्टमध्ये आणखी दोन माणसे होती.

चौथ्या मजल्यावर उतरेपर्यंत माझे ठरले होते की विधानसभेची तयारी आजपासून करायची.

तयारीचा पहिला भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मतदार यादीत माझ्या नावापुढे अपंगत्वाची नोंदच नव्हती. ती नमुना ८ भरून करता येते. मी तो फोनवरून भरला, प्रमाणपत्र जोडले आणि महिन्याभरात नोंद झाली. १९५० या मदत क्रमांकावर दोनदा बोलले. दोन्ही वेळा समोरची व्यक्ती सौजन्याने बोलली आणि दोन्ही वेळा व्हीलचेअर हवी का, असे विचारले गेले. अंध माणसाचे पायही अधू असावेत, हा समज या देशात इतका खोल रुजलेला आहे की मी आता त्यावर चिडत नाही.

दुसरा भाग निवडणूक कार्यालयातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाकून तिथे गेले आणि माझा यादी भाग क्रमांक व मतदान केंद्राचा क्रमांक लिहिलेले पत्र दिले: या केंद्रावर ब्रेलमधील नमुना मतपत्रिका ठेवावी आणि केंद्राध्यक्षांना तशी सूचना द्यावी. टपाल घेणाऱ्या लिपिकाने शिक्का मारला आणि मला निरोप देण्याच्या बेतात असताना आतून एक नायब तहसीलदार बाई आल्या. त्यांनी पत्र वाचले आणि मला बसायला सांगितले. "खरं सांगू का मॅडम, ट्रेनिंगमध्ये हा मुद्दा असतो, पण चार तासांत यंत्र जोडणं, सील करणं, मॉक पोल, फॉर्म भरणं शिकवायचं म्हणजे हे एका वाक्यात उरकतं," असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी केंद्राध्यक्षांची मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि संबंधित भाग मला मोठ्याने वाचून दाखवला: दृष्टिहीन मतदाराने मागणी केल्यास त्याला ब्रेलमधील नमुना मतपत्रिका द्यावी, ती वाचून झाल्यावर तो मतदान कक्षात जाऊन यंत्रावरील ब्रेल आकड्यांच्या आधारे स्वतः मत देऊ शकतो; सोबतीची सवलत त्याला त्याखेरीज आहेच. मी त्यांना त्या पानाची झेरॉक्स मागितली. त्यांनी दोन प्रती दिल्या आणि म्हणाल्या, "एक हरवली तर."

त्याच सुमारास आमच्या भागातल्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकारी, घरी आल्या होत्या. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना आणि पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना घरून मतदान करता येते, त्यासाठीचा नमुना १२-ड त्यांनी आणला होता. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यायचा असतो आणि एकदा दिला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. "ताई, कशाला दगदग? टीम घरी येईल, चहा पिऊन होतोय तोवर काम होईल," त्या म्हणाल्या. आईचाही कल तिकडेच होता. पण घरच्या मतदानात छापील टपाली मतपत्रिका असते, तिच्यावर खूण करायची असते. म्हणजे पुन्हा कुणाचे तरी डोळे, कुणाचा तरी हात, आणि यावेळी खोलीत चार अनोळखी माणसे व एक कॅमेरा. खाटेवरून उठू न शकणाऱ्या माणसासाठी ही सोय वरदानच आहे, यात वाद नाही. माझ्यासाठी ती लिफ्टमधल्या काकांची सरकारी आवृत्ती होती. बीएलओ ताईंना मी हे जरा सौम्य शब्दांत सांगितले.

अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि लढणाऱ्या उमेदवारांची अंतिम यादी लागली. मतपत्रिकेवरचा क्रम आपल्याला वाटतो तसा पक्षाच्या ताकदीवर ठरत नाही. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात मराठी वर्णानुक्रम. यादी लागल्याशिवाय कुणाचाही आकडा ठाऊक होत नाही, म्हणून मी त्या संध्याकाळची वाट पाहत होते. आमच्या मतदारसंघात सोळांच्या आतच नावे होती. हा मोठा दिलासा होता, कारण प्रत्येक यंत्रावर ब्रेलमध्ये १ ते १६ हेच आकडे असतात. सतरावा उमेदवार दुसऱ्या यंत्रावर पहिल्या बटणाशी जातो आणि तिथे बोटाला लागतो तो आकडा १. डोळस माणसाला तिथे नाव, फोटो, चिन्ह सगळे दिसते, त्यामुळे त्याचा गोंधळ होत नाही.

घरी मी पुठ्ठ्याचे यंत्र केले. जुन्या खोक्याच्या तुकड्यावर एकाखाली एक सोळा शर्टाची बटणे चिकटवली आणि प्रत्येकाच्या उजवीकडे ब्रेलपाटीवर टोचून काढलेल्या आकड्यांच्या पट्ट्या लावल्या. ब्रेल हाताने लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटे टोचावे लागते, म्हणजे कागद पलटला की टिंबे सुलटी वाचता येतात. शाळेनंतर मी पाटी फारशी हातात धरलेली नव्हती, त्यामुळे पहिल्या पट्टीवर ५ लिहायला गेले आणि ९ उमटला. दोन्ही आकड्यांत दोन दोनच टिंबे असतात आणि ती तिरपी असतात, फक्त एकाचा उतार उजवीकडे आणि दुसऱ्याचा डावीकडे. आई हसली, पण ती चूक फार उपयोगी पडली. बोटाला घाई झाली की ५ आणि ९ यांत फसगत होऊ शकते, हे मी मनात पक्के बांधले. नंतर रोज रात्री भांडी आवरून झाली की आई एखादा आकडा सांगायची आणि मी तो शोधायची. सरावासाठी ती मुद्दाम निरनिराळे आकडे सांगायची, आणि मला हवा असलेला आकडा कोणता हे तिने एकदाही विचारले नाही.

२० नोव्हेंबरला बुधवार होता. सकाळी साडेसातला मी पांढरी काठी घेऊन शाळेच्या फाटकाशी पोहोचले. आई सोबत होती, पण तिचे मतदान वेगळ्या खोलीत होते. फाटकातच दोन उत्साही मुलांनी व्हीलचेअर पुढ्यात आणली. "मला चालता येतं," असे म्हटले तर एक जण म्हणाला, "मॅडम, बसा ना, आम्हाला सांगितलंय." त्याच्या सुरात अजिजी होती, बहुधा किती जणांना खुर्चीतून नेले याचा हिशेब त्याला द्यायचा असावा. मी त्याला म्हटले की खुर्ची राहू दे, तुझा खांदा दे, आणि दोन पावले पुढे चाल. अंध माणसाला धरून ढकलायचे नसते, त्याला आपला खांदा किंवा कोपर धरू द्यायचे असते, हे त्या मुलाला तीस सेकंदांत समजले. वर्गाच्या दाराशी रॅम्प होता, प्लायवूडचा आणि बरा भक्कम.

वर्गात शिरल्यावर आधी आवाज मोजले. डावीकडे खडूच्या फळ्याजवळ मतदान प्रतिनिधींची कुजबुज, समोर पहिल्या अधिकाऱ्याच्या यादीची पाने, उजव्या कोपऱ्यात मधूनमधून बीप. पहिल्या अधिकाऱ्याने माझे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचला. दुसऱ्या टेबलाशी गेले तर माझा अंगठा कुणीतरी हळूच धरून शाईच्या पॅडकडे न्यायला लागले. "मी सही करते," असे म्हणून मी पर्समधून सहीची पट्टी काढली. ती म्हणजे मधोमध आडवी खाच कापलेले पोस्टकार्डच्या आकाराचे जाड प्लॅस्टिक. ते रकान्यावर ठेवायचे आणि खाचेत सही करायची. "फक्त रकाना कुठे आहे त्यावर खाच लावून द्या." त्या बाईंनी लावून दिली. मी सही केली आणि त्या स्वतःशीच "अगं बाई" असे म्हणाल्या.

मग शाई. या टप्प्याचा विचार मी पुठ्ठ्याच्या यंत्रावर सराव करतानाच केला होता. म्हैसूरला बनणारी ती शाई डाव्या हाताच्या तर्जनीला, नखावरून खालच्या कातडीवर लावतात, आणि मी ब्रेल वाचते ते नेमके त्याच बोटाने. ओली शाई ओघळून टोकाला आली तर बोट चिकट होते, आणि चिकट बोट टिंबांवरून सरकत नाही. म्हणून मी विनंती केली की आधी मतपत्रिका वाचू द्या, मग शाई लावा. हे ऐकून तिन्ही टेबले थांबली. अशी विनंती त्यांच्या नियमात कुठेच बसत नव्हती. केंद्राध्यक्ष आले. आवाजावरून पन्नाशीचे, आणि बोलण्याच्या लकबीवरून शिक्षक असावेत असे वाटले. ते पुढे खरेच निघाले. "ताई, सोबत कोण आहे तुमच्या?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "कुणी नाही. मला ब्रेल मतपत्रिका द्या. मत मी स्वतः देणार आहे."

फळ्याजवळून एका प्रतिनिधीने हरकत घेतली. "सर, असं एकट्यांना आत सोडलं आणि चुकीचं बटण दाबलं गेलं तर?" दुसऱ्याने लगेच दुजोरा दिला. ते दोघे परस्परविरोधी पक्षांचे होते, हे मला नंतर कळले. अंध बाईला जमणार नाही, या एका मुद्द्यावर त्यांचे एकमत होते. मी झेरॉक्स काढून केंद्राध्यक्षांच्या हातात दिली. त्यांनी ती मनात वाचली, मग शिक्षकी सवयीप्रमाणे पुन्हा मोठ्याने वाचली, आणि प्रतिनिधींना म्हणाले, "चुकीचं बटण तुमच्याकडूनही दाबलं जाऊ शकतं की." त्यानंतर पेटीची शोधाशोध सुरू झाली. एकेक पाकीट निघत होते आणि बाजूला पडत होते. अखेर तळाशी, सीलच्या मेणाखाली आणि पॅडच्या डब्याखाली, ती मतपत्रिका सापडली. शाईबद्दल त्यांनी आपल्या अधिकारात निर्णय दिला: आधी वाचा, शाई लागल्याशिवाय आत जाणार नाही एवढेच बघू.

जाड, किंचित फुगीर कागद हातात आला. उभ्याने ब्रेलचा कागद नीट वाचता येत नाही, म्हणून शाळेचा बाक दिला गेला, पहिली-दुसरीच्या मुलांचा, गुडघे हनुवटीला लागतील असा. मी वरून सुरुवात केली. पहिल्या तीन ओळी स्वच्छ होत्या: आकडा, नाव, पक्ष. चौथ्या ओळीपासून टिंबे विरत गेली. पेटीच्या तळाशी डब्याखाली राहिल्याने ती चेपली होती. ब्रेलचा कागद दाबला की अक्षरे पुसट होतात, हे तो पेटीत ठेवणाऱ्याला कुणी सांगितले नसणार. एका नावातले दुसरे अक्षर मला शेवटपर्यंत लागले नाही. मला हवे असलेले नाव त्याच चेपलेल्या पट्ट्यात होते. यादी पाठ होती म्हणून ते मी ओळखले. कोऱ्या मनाने आलेल्या मतदाराला ते वाचता आले असते, असे मी म्हणणार नाही. आकडा मात्र जपून, दोनदा, बोट उचलून पुन्हा ठेवून वाचला आणि तो ४ नोव्हेंबरच्या यादीशी जुळला. सगळे मिळून चार मिनिटे लागली असतील. वर्गात इतकी शांतता होती की बाहेरच्या रांगेतले बोलणे ऐकू येत होते.

मतपत्रिका परत केली, शाई लावून घेतली, आणि बोट वर धरून तिसऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. त्याला सांगितले की यंत्रावरचा हिरवा दिवा मला दिसणार नाही, तेव्हा कंट्रोल युनिटचे बटण दाबलेत की तोंडाने सांगा. तो "हो मॅडम" म्हणाला. केंद्राध्यक्ष मला मतदान कक्षापर्यंत घेऊन आले, माझा हात यंत्राच्या वरच्या कडेला लावून दिला, आणि तिथेच उभे राहिले. "सर, तुम्ही मागे व्हा," मी म्हटले. ते "हो हो, सॉरी" असे म्हणत गेले. त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पुठ्ठ्याच्या तीन भिंतींत एकटी होते.

मागून आवाज आला, "झालं मॅडम, दाबा." डाव्या हाताने यंत्राची कड धरली. बोटाला शाई होती म्हणून वाचायला उजवी तर्जनी वापरली, तिचाही सराव घरी केलेला होता. बटणांची रांग सापडली, तिच्या उजवीकडे टिंबे. माझ्या पुठ्ठ्यावरच्या टिंबांपेक्षा ती बारीक आणि कडक होती, प्लॅस्टिकची असतात तशी. एकापासून मोजत खाली आले. शेवटच्या उमेदवाराखाली नोटाचे बटण आणि त्याखालची बटणे झाकलेली. ती जागाही चाचपून पाहिली, म्हणजे यादी कुठे संपते याची खातरी झाली. मग पुन्हा वर, माझ्या आकड्यावर. टिंबे वाचली, बोट आडवे डावीकडे सरकवले, बटण दाबले.

आणि काही झाले नाही. म्हणजे मला तसे वाटले, कारण बीप ताबडतोब होत नाही. आधी शेजारच्या व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रात, घरघर होते, चिठ्ठी छापली जाते, ती काचेआड सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन पेटीत पडते, आणि त्यानंतर लांब बीप येतो. याआधी सोबत्याच्या मागे उभी असताना ही सात सेकंदे मला कधी जाणवली नव्हती. त्या दिवशी मी ती मोजली. डोळस मतदाराला त्या वेळात आपण दिलेल्या उमेदवाराचे नाव, क्रमांक आणि चिन्ह दिसते. चिठ्ठी वेगळी दिसली तर नियम ४९-एमए प्रमाणे त्याला तक्रार करता येते, त्यासाठी लेखी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे. मला ती चिठ्ठी दिसत नाही, म्हणून तक्रारीचा तो मार्गही माझ्यासाठी नाही. यंत्रावर माझा अविश्वास आहे असे नाही. पण प्रत्येक मतदाराची खातरी पटावी म्हणून जे साधन जोडले गेले, ते माझ्यापुरते एका आवाज करणाऱ्या खोक्यापलीकडे नाही.

बाहेर आल्यावर सेल्फी पॉइंटवर एका कर्मचाऱ्याने शाईचे बोट दाखवत फोटो काढू का, असे विचारले. मी होकार दिला, फक्त खाली काय लिहिणार ते विचारले. "दिव्यांग मतदारांचा उत्साह," तो म्हणाला. मी म्हटले, "गुप्त मतदानाचा हक्क बजावला, असं लिहा." तो बरे म्हणाला, लिहिले की नाही, पाहायला मी गेले नाही. केंद्राध्यक्ष पाठोपाठ दारापर्यंत आले होते. बावीस वर्षे ते निवडणुकीच्या कामावर जात होते आणि ब्रेल मतपत्रिका त्यांनी त्या दिवशी प्रथमच हातात घेतली, असे त्यांनी सांगितले. माझ्याकडची दुसरी झेरॉक्स त्यांनी मागून घेतली.

निकालानंतरच्या आठवड्यात मी निवडणूक कार्यालयाला पत्र लिहिले. ब्रेल मतपत्रिका कडक पुठ्ठ्याच्या पाकिटात, पेटीत सर्वांत वर ठेवावी. प्रशिक्षणात ती प्रत्यक्ष हाताळायला द्यावी. ब्रेल वाचणाऱ्या मतदाराला शाई नंतर लावण्याची लेखी मुभा असावी. आणि व्हीव्हीपॅटला इअरफोन लावून चिठ्ठीवरील मजकूर ऐकता येईल अशी सोय करण्याविषयी वरपर्यंत शिफारस करावी. पत्राची पोच मिळाली. पहिल्या तीन गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. चौथीला लागेल, पण ती माझ्यापेक्षा इतरांसाठी अधिक महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या, आणि त्यांतल्या अंधांपैकी सगळ्यांना ब्रेल येते असे मुळीच नाही. शाळेच्या वयात दृष्टी गेलेली मी त्या अर्थाने सुदैवी ठरले.

माझी एक मैत्रीण आहे, तिची दृष्टी मधुमेहामुळे पंचेचाळिशीनंतर गेली. तिच्या बोटांना त्या वयात टिंबे लागली नाहीत; साखरेमुळे बोटांची संवेदनाही कमी झालेली. ती भाच्याला घेऊन मत देऊन आली. रात्री मी तिला फोनवर सगळे सविस्तर सांगितले, पुठ्ठ्याचे यंत्र, चेपलेली टिंबे, केंद्राध्यक्षांच्या चपला. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "पण तू दाबलंस तेच पडलं, हे तुला कसं कळलं?"

मी तिला सांगितले की बीप ऐकू आला.

"तो तर मलाही आला," ती म्हणाली.